अहिंसेचे अध्यापन : जेम्स लॉसन यांचे जीवनकार्य आणि वारसा – एक चिकित्सक अभ्यास

सारांश

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीचा विचार प्रामुख्याने डॉ. मार्टिन ल्यूथर किंग (ज्युनिअर) यांच्या नेतृत्वाच्या व वक्तृत्वाच्या अंगाने केला जातो. या चळवळीतील कार्यकर्त्यांना अहिंसक प्रतिकाराचे पद्धतशीर शिक्षण देणारे रेव्हरंड जेम्स लॉसन (१९२८-२०२४) मात्र तुलनेने उपेक्षित राहिले. लॉसन यांनी १९५३ ते १९५६ या काळात नागपूर येथील हिस्लॉप महाविद्यालयात कार्य केले होते. प्रस्तुत निबंधात त्यांच्या जीवनकार्याचा परामर्श घेऊन, अहिंसा ही केवळ नैतिक वृत्ती नसून ती शिकवता व शिकता येणारी कार्यपद्धती आहे, हे त्यांचे मुख्य योगदान कसे ठरते याची चिकित्सा केली आहे. त्याचबरोबर या पद्धतीच्या मर्यादांचाही विचार केला आहे.

बीजसंज्ञा : अहिंसक प्रतिकार, नागरी हक्क चळवळ, जेम्स लॉसन, नॅशव्हिल, मेम्फिस, महाड सत्याग्रह.

प्रस्तावना

विसाव्या शतकातील अहिंसक लढ्यांचा इतिहास बहुतांशी नेत्यांच्या चरित्रांतून लिहिला गेला आहे. गाजलेली भाषणे, मोठे मोर्चे, तुरुंगवास आणि हौतात्म्य हे या इतिहासाचे ठळक टप्पे होत. अशा लेखनामुळे नेत्याची प्रतिमा उजळ होते, परंतु एक मूलभूत प्रश्न मागे पडतो. शेकडो सामान्य माणसे मार खात असताना हात न उगारता बसून राहिली, ती कशाच्या बळावर? नेत्याच्या एका भाषणाने एवढा संयम अंगी बाणतो, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. तो संयम कोणी तरी शिकवला असला पाहिजे आणि कोणी तरी तो परिश्रमपूर्वक शिकला असला पाहिजे.

अमेरिकेतील नागरी हक्क चळवळीच्या संदर्भात या प्रश्नाचा शोध घेताना जेम्स लॉसन यांचे नाव अग्रक्रमाने समोर येते. ९ जून २०२४ रोजी लॉस एंजेलिस येथे वयाच्या ९५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. धर्मोपदेशक हा त्यांचा व्यवसाय होता, तथापि त्यांच्या कार्याचा गाभा अध्यापनाचा होता. या दृष्टीने महाविद्यालयीन अध्यापकवर्गाने त्यांच्याकडे पाहणे अगत्याचे आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) जेम्स लॉसन यांच्या वैचारिक जडणघडणीचा आढावा घेणे.
२) नॅशव्हिल येथील कार्यशाळांच्या आधारे त्यांच्या अहिंसाविषयक अध्यापनपद्धतीचे स्वरूप स्पष्ट करणे.
३) या पद्धतीची बलस्थाने व मर्यादा यांची चिकित्सा करणे.
४) महाराष्ट्रातील सामाजिक लढ्यांच्या संदर्भात त्यांच्या वारशाचा अर्थ लावणे.

जडणघडण : नागपूरच्या आधी आणि नागपूरमध्ये

लॉसन यांचा जन्म २२ सप्टेंबर १९२८ रोजी पेन्सिल्व्हेनिया राज्यातील युनियनटाउन येथे झाला. त्यांचे बालपण ओहायो राज्यातील मॅसिलॉन या गावी गेले. वडील मेथडिस्ट परंपरेतील धर्मोपदेशक होते, मात्र स्वसंरक्षणासाठी ते पिस्तूल बाळगीत. जमैकाहून आलेली आई हिंसेच्या पूर्णतः विरोधात होती. बालवयातील एक प्रसंग लॉसन पुढे अनेकदा सांगत असत. एका गोऱ्या मुलाने वर्णावरून शिवी दिली तेव्हा त्यांनी त्याच्या थोबाडीत मारली. घरी आल्यावर आईने रागावण्याऐवजी, त्या मारण्याने काय साधले, एवढेच विचारले. या प्रश्नात उपदेशाचा सूर नाही, फलिताची विचारणा आहे. लॉसन यांच्या पुढील विचारविश्वाचे बीज येथे सापडते. हिंसा पाप आहे म्हणून त्याज्य, या भूमिकेइतकीच हिंसेने इष्ट ते साधत नाही ही भूमिकाही त्यांच्या मांडणीत सातत्याने आढळते.

महाविद्यालयीन जीवनात त्यांचा संबंध ‘फेलोशिप ऑफ रिकन्सिलिएशन’ या शांततावादी संघटनेशी आला. कोरियन युद्धाच्या काळात त्यांनी सक्तीच्या लष्करभरतीस नकार दिला. धर्मशिक्षणाचा विद्यार्थी या नात्याने त्यांना सवलत मिळू शकली असती. ती त्यांनी नाकारली, कारण सवलत घेणे म्हणजे त्या कायद्याला मान्यता देणे होय अशी त्यांची धारणा होती. १९५१ मध्ये त्यांना तीन वर्षांची शिक्षा झाली आणि वर्षाहून अधिक काळ त्यांनी प्रत्यक्ष तुरुंगात काढला.

सुटकेनंतर १९५३ मध्ये मेथडिस्ट मिशनतर्फे ते नागपूरला आले. स्कॉटिश मिशनऱ्यांनी १८८३ मध्ये स्थापन केलेल्या हिस्लॉप महाविद्यालयात क्रीडा प्रशिक्षक म्हणून तसेच विद्यार्थ्यांमधील धर्मकार्यासाठी त्यांनी सुमारे तीन वर्षे काम केले. या काळात गांधीविचाराचा त्यांनी जवळून अभ्यास केला. डिसेंबर १९५५ मध्ये अलाबामा राज्यातील मॉन्टगोमेरी शहरात कृष्णवर्णीयांनी बससेवेवर बहिष्कार टाकल्याचे वृत्त त्यांनी नागपुरातच वर्तमानपत्रात वाचले. ज्या चळवळीची ते अपेक्षा करीत होते तिचा आरंभ झाल्याची जाणीव त्यांना हजारो मैल दूर, विदर्भातील एका महाविद्यालयाच्या परिसरात झाली.

या ठिकाणी एका प्रचलित समजाची चिकित्सा आवश्यक आहे. गांधीजींची अहिंसा भारतातून अमेरिकेत गेली आणि तिने तेथे परिवर्तन घडविले, असे आपल्याकडे अभिमानाने सांगितले जाते. हे विधान असत्य नाही, पण अपुरे आहे. हॉवर्ड थर्मन या कृष्णवर्णीय धर्मचिंतकाने १९३६ मध्ये बारडोली येथे गांधीजींची भेट घेतली होती. कृष्णवर्णीय विचारवंतांमध्ये सत्याग्रहाची चर्चा तेव्हापासूनच, किंबहुना त्याही पूर्वीपासून, चालू होती. लॉसन नागपूरला आले ते अहिंसेची दीक्षा घेण्यासाठी नव्हे. गांधीजींचे वाचन त्यांनी आधीच केले होते आणि आपल्या निष्ठेची किंमत तुरुंगवासाच्या रूपाने चुकवली होती. आपल्या निष्ठेला सामूहिक कृतीचे रूप कसे द्यावे, हा प्रश्न घेऊन ते आले होते. म्हणून नागपूरचे स्थान त्यांच्या चरित्रात गुरुगृहाचे मानण्यापेक्षा अभ्यासक्षेत्राचे मानणे अधिक न्याय्य ठरते. विचारांच्या देवाणघेवाणीत घेणारा रिकाम्या हाताने येत नाही, हे लक्षात घेतले म्हणजे ‘प्रभाव’ ही संज्ञा जपून वापरावी लागते.

नॅशव्हिलच्या कार्यशाळा : एक अभ्यासक्रम

१९५६ मध्ये मायदेशी परतल्यावर लॉसन यांनी ओहायोतील ओबर्लिन महाविद्यालयात धर्मशास्त्राचे शिक्षण सुरू केले. तेथेच फेब्रुवारी १९५७ मध्ये त्यांची किंग यांच्याशी भेट झाली. दोघेही जवळजवळ समवयस्क होते. शिक्षण पूर्ण होण्याची वाट न पाहता दक्षिणेत यावे, अशी विनंती किंग यांनी केली. त्यानुसार १९५८ मध्ये लॉसन टेनेसी राज्यातील नॅशव्हिल येथे गेले आणि व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या धर्मशास्त्र विभागात त्यांनी प्रवेश घेतला. त्याच वर्षी त्यांनी कार्यशाळांना प्रारंभ केला. १९५९ च्या हिवाळ्याआधी या कार्यशाळा नियमित भरू लागल्या. फिस्क विद्यापीठाच्या डायन नॅश, धर्मशिक्षण घेणारे जॉन लुईस, जेम्स बेव्हल, बर्नार्ड लाफायेट आदी विद्यार्थी त्यांत सहभागी होते.

या कार्यशाळांचे स्वरूप पाहता त्यांत एका सुविहित अभ्यासक्रमाची सर्व लक्षणे आढळतात.

पहिला घटक समस्येच्या निवडीचा होता. नॅशव्हिलमध्ये वर्णभेदाची उदाहरणे पदोपदी होती. त्यांपैकी कोणते निवडावे हे लॉसन यांनी स्वतः ठरवले नाही. कृष्णवर्णीय स्त्रियांनी आपली अडचण सांगितली. शहरातील मोठ्या दुकानांत खरेदीला गेल्यावर त्यांचे पैसे घेतले जात, परंतु थकलेल्या मुलांना घेऊन तेथील लंच काउंटरवर, म्हणजे दुकानातच असलेल्या उपाहाराच्या जागी, बसण्याची त्यांना मुभा नव्हती. हा अनुभव लढ्याचा विषय झाला. विषय लहान वाटतो, पण ग्राहक म्हणून मान्य आणि माणूस म्हणून अमान्य ही विसंगती त्यात नेमकी पकडली गेली. शिवाय ज्यांच्यावर दबाव आणायचा ते दुकानदार कृष्णवर्णीयांच्या खरेदीवर अंशतः अवलंबून होते, हेही या निवडीत गृहीत होते.

दुसरा घटक वस्तुस्थितीच्या पडताळणीचा होता. नोव्हेंबर व डिसेंबर १९५९ मध्ये विद्यार्थ्यांचे छोटे गट दोन दुकानांत गेले. त्यांनी काही खरेदी केली, नंतर काउंटरवर बसून खाद्यपदार्थ मागितले, नकार मिळताच व्यवस्थापकाला शांतपणे कारण विचारले आणि ते परतले. नकार कोण देतो, कोणाच्या आदेशावरून देतो, याची माहिती हे या भेटींचे फलित होते.

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा घटक अभिनयाद्वारे सरावाचा होता. काही विद्यार्थी हल्लेखोर गोऱ्यांची भूमिका घेत. ते शिव्या देत, केस ओढत, तोंडावर सिगारेटचा धूर सोडत, खुर्चीवरून खाली पाडत. उरलेल्यांनी प्रत्युत्तर न देता बसून राहायचे असे. डोके कसे वाचवावे, खाली पडलेल्या सहकाऱ्याचे आपल्या शरीराने संरक्षण कसे करावे, हल्लेखोराच्या नजरेला नजर कशी द्यावी, याचा सराव केला जाई. त्यानंतर प्रत्येकाने आपल्या मनात काय आले ते सांगायचे आणि त्यावर चर्चा होत असे. राग आला हे सांगण्यात कमीपणा मानला जात नसे. राग येणारच हे धरूनच प्रशिक्षणाची आखणी केलेली होती.

विद्यार्थ्यांना देण्यात आलेली नियमावलीही अभ्यसनीय आहे. मारले किंवा शिवी दिली तरी प्रत्युत्तर देऊ नये, मोठ्याने हसू नये, काउंटरकडे तोंड करून ताठ बसावे, दाराशी वाट अडवू नये, गंभीर घटना गटप्रमुखास कळवावी, अशा आशयाच्या या सूचना होत. शेवटी येशू, गांधी व किंग यांच्या शिकवणीचे स्मरण करण्यास सांगितले होते. या नियमांच्या भाषेकडे समीक्षकाच्या दृष्टीने पाहिले असता असे दिसते की, त्यातील जवळजवळ प्रत्येक वाक्य शरीराशी निगडित आहे. बसणे, पाहणे, बोलणे, हसणे या क्रियांवर भर आहे आणि तत्त्वाचा उच्चार अखेरीस, थोडक्यात येतो. उपदेशपर ग्रंथांत हा क्रम नेमका उलटा असतो. लॉसन यांच्या अध्यापनाचे वेगळेपण या क्रमबदलात सामावलेले आहे.

कसोटीचे दिवस

१ फेब्रुवारी १९६० रोजी उत्तर कॅरोलिनातील ग्रीन्सबरो येथे चार विद्यार्थ्यांनी लंच काउंटरवर बैठा सत्याग्रह केला आणि ही लाट दक्षिणेत सर्वत्र पसरली. अन्य शहरांत आंदोलन उत्स्फूर्त होते, नॅशव्हिलमध्ये मात्र पूर्वतयारी झालेली होती. १३ फेब्रुवारीला तेथील सत्याग्रह सुरू झाला. २७ फेब्रुवारीला जमावाने विद्यार्थ्यांवर हल्ला केला. पोलिसांनी हल्लेखोरांना सोडून ८१ सत्याग्रहींना अटक केली. एक गट पकडला गेला की दुसरा गट रिकाम्या झालेल्या खुर्च्यांवर येऊन बसत असे. पाठोपाठ कृष्णवर्णीय समाजाने शहरातील बाजारपेठेवर बहिष्कार टाकला.

३ मार्च १९६० रोजी व्हँडरबिल्ट विद्यापीठाने लॉसन यांची हकालपट्टी केली. याच्या निषेधार्थ धर्मशास्त्र विभागातील बहुसंख्य अध्यापकांनी राजीनामे देऊ केले. या घटनेचे महत्त्व चरित्रापुरते मर्यादित नाही. विद्यापीठात नीतिशास्त्र शिकवले जाते, परंतु एखादा विद्यार्थी त्या नीतीचे आचरण करू लागला की संस्था अस्वस्थ होते, हा अंतर्विरोध तिने उघड केला. अध्यापकांची कृती त्या अंतर्विरोधाला दिलेले उत्तर होते. लॉसन यांनी पुढे बोस्टन विद्यापीठातून आपले शिक्षण पूर्ण केले. २००६ मध्ये त्याच व्हँडरबिल्ट विद्यापीठाने त्यांना अभ्यागत प्राध्यापक म्हणून पाचारण केले.

१९ एप्रिल १९६० रोजी सत्याग्रहींचे वकील झेड. अलेक्झांडर लूबी यांच्या घरावर बॉम्ब टाकण्यात आला. त्याच दिवशी हजारो लोकांनी महापालिकेवर मूक मोर्चा नेला. तेथे डायन नॅश यांनी महापौर बेन वेस्ट यांना, केवळ वर्णावरून माणसांत भेद करणे योग्य आहे काय, असा थेट प्रश्न विचारला. ते योग्य नाही, अशी कबुली महापौरांनी सर्वांसमक्ष दिली. १० मे रोजी सहा दुकानांतील काउंटर कृष्णवर्णीयांसाठी खुले झाले. या यशाचे श्रेय केवळ महापौरांच्या हृदयपरिवर्तनास देता येणार नाही. बहिष्कारामुळे बसलेली आर्थिक झळ, शहराच्या प्रतिष्ठेचा प्रश्न आणि विद्यार्थ्यांची अखंड शिस्त या तिहींचा तो संयुक्त परिणाम होता. अहिंसेत बळ असते आणि ते योजनापूर्वक वापरावे लागते, हा लॉसन यांचा आग्रह येथे सिद्ध झाला.

त्याच एप्रिल महिन्यात एला बेकर यांच्या पुढाकाराने रॅले येथे विद्यार्थ्यांची परिषद भरली व तीतून ‘स्टुडंट नॉनव्हायोलंट को-ऑर्डिनेटिंग कमिटी’ ही संघटना उदयास आली. तिच्या उद्देशपत्राचा मसुदा लॉसन यांनी तयार केला. १९६१ मध्ये आंतरराज्य बसप्रवासातील वर्णभेदाविरुद्धची ‘फ्रीडम राइड’ हिंसक हल्ल्यांमुळे खंडित होण्याच्या बेतात असताना, नॅशव्हिलच्या विद्यार्थ्यांनीच ती पुढे चालू ठेवली. बेव्हल १९६३ च्या बर्मिंगहॅम आंदोलनात अग्रभागी होते. लाफायेट यांनी सेल्मा येथे संघटन उभारले. जॉन लुईस १९८७ पासून २०२० मध्ये निधन होईपर्यंत अमेरिकन काँग्रेसचे सदस्य होते. एका शिक्षकाचे मूल्यमापन त्याच्या विद्यार्थ्यांवरून करावयाचे झाल्यास, लॉसन यांच्या योगदानास तुल्य उदाहरणे या चळवळीत विरळाच आढळतात.

मेम्फिस : पद्धतीची सीमा

नॅशव्हिलचे यश सांगून थांबल्यास हे विवेचन गौरवलेख ठरेल. लॉसन यांच्या पद्धतीची खरी परीक्षा मेम्फिस येथे झाली. १९६२ पासून ते तेथील सेंटेनरी मेथडिस्ट चर्चचे धर्मोपदेशक होते. १ फेब्रुवारी १९६८ रोजी एकोल कोल व रॉबर्ट वॉकर हे दोन सफाई कामगार कचरा दाबणाऱ्या गाडीच्या यंत्रात चिरडून ठार झाले. १२ फेब्रुवारीला सुमारे १३०० कृष्णवर्णीय सफाई कामगारांनी संप पुकारला. आपण माणूस आहोत, एवढीच घोषणा असलेले फलक गळ्यात अडकवून ते रस्त्यावर उतरले. संपाच्या पाठिंब्यासाठी उभ्या राहिलेल्या नागरी आघाडीच्या व्यूहरचना समितीचे अध्यक्षपद लॉसन यांच्याकडे होते. त्यांच्याच निमंत्रणावरून किंग मेम्फिसला आले.

२८ मार्चच्या मोर्चात मागील बाजूस काही तरुणांनी दुकानांच्या काचा फोडल्या, पोलिसांनी बळाचा वापर केला आणि लॅरी पेन हा सोळा वर्षांचा मुलगा पोलिसांच्या गोळीने ठार झाला. लॉसन यांनी किंग यांना मोर्चातून बाहेर काढले आणि मोर्चा मागे वळवला. चौरीचौऱ्याच्या घटनेनंतर १९२२ मध्ये गांधीजींनी असहकार चळवळ स्थगित केली, तिची येथे आठवण होणे स्वाभाविक आहे. परंतु दोहोंत महत्त्वाचा फरक आहे. गांधीजींनी चळवळ थांबवली. मेम्फिसमध्ये संप चालूच राहिला आणि अधिक चांगल्या तयारीने दुसरा मोर्चा काढण्याचे ठरले. त्यासाठी परतलेल्या किंग यांनी ३ एप्रिलच्या आपल्या अखेरच्या भाषणात लॉसन यांच्या दीर्घ संघर्षाचा गौरवपूर्वक उल्लेख केला. दुसऱ्या दिवशी, ४ एप्रिल १९६८ रोजी, त्यांची हत्या झाली. १६ एप्रिलला महापालिकेने तडजोड केली, कामगार संघटनेला मान्यता मिळाली व वेतनवाढ झाली.

या घटनाक्रमातून पद्धतीच्या काही मर्यादा निदर्शनास येतात. पहिली मर्यादा संख्येची. निवडक विद्यार्थ्यांना महिनोन्‌महिने दिलेले प्रशिक्षण काही दिवसांत हजारोंच्या जमावाला देता येत नाही. दुसरी मर्यादा भाषेची. १९६० च्या उद्देशपत्रावर यहुदी-ख्रिस्ती परंपरेतील प्रेमतत्त्वाची गडद छाया होती. ती भाषा सहा वर्षांतच संघटनेतील अनेक तरुणांना परकी वाटू लागली. १९६६ मध्ये ‘ब्लॅक पॉवर’ची घोषणा पुढे आली आणि १९६९ मध्ये संघटनेने आपल्या नावातील ‘नॉनव्हायोलंट’ हा शब्दही वगळला. तिसरी मर्यादा अधिक मूलगामी आहे. ज्याच्यावर अन्याय होतो त्यानेच पुन्हा संयमाचा आणि शारीरिक वेदनेचाही भार वाहावा, अशी अपेक्षा ही पद्धत करते. हा आक्षेप लॉसन यांच्या समकालीनांनी घेतला आणि तो दुर्लक्षणीय नाही. लॉसन यांच्या बाजूने एवढे म्हणता येते की, अन्यायग्रस्ताला वेदना चुकत नाहीच. त्या वेदनेला दिशा देता येते काय, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता.

महाराष्ट्राच्या संदर्भात

लॉसन यांना ‘गांधीवादी’ म्हणण्याची प्रथा आहे. गांधीजींचे ऋण त्यांनी स्वतः मान्य केल्यामुळे ती गैर नाही. तथापि नॅशव्हिलच्या लढ्याचे अंतरंग तपासले असता त्याचे साम्य दांडीपेक्षा महाडशी अधिक आहे, असे या अभ्यासात दिसून येते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाने चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. मुंबई विधिमंडळाच्या १९२३ च्या बोले ठरावानंतर महाडच्या नगरपालिकेने ते तळे सर्वांसाठी खुले केल्याचे जाहीर केले होते, प्रत्यक्षात मात्र ते बंदच होते. सत्याग्रहानंतर परिषदेच्या प्रतिनिधींवर हल्ला झाला, तेव्हा बाबासाहेबांनी अनुयायांना प्रतिहल्ल्यापासून परावृत्त केले. दहा वर्षांच्या न्यायालयीन लढ्यानंतर १९३७ मध्ये उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला.

दांडीचा सत्याग्रह परकीय सत्तेविरुद्ध होता. महाड आणि नॅशव्हिल येथील संघर्ष स्वतःच्याच समाजातील बहुसंख्याकांशी होता. एके ठिकाणी पाणी, दुसऱ्या ठिकाणी अन्न, आणि दोन्ही ठिकाणी सार्वजनिक जागेत माणूस म्हणून वावरण्याचा हक्क पणाला लागला होता. दोन्ही लढे वंचितांनी स्वतः लढवले, कोणी त्यांच्या वतीने लढवले नाहीत. लॉसन यांना महाडच्या सत्याग्रहाची प्रेरणा होती, असे येथे सुचवायचे नाही. तौलनिक अभ्यासात प्रभाव सिद्ध करणे आणि साम्य दाखवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परंतु हे साम्य ध्यानात घेतले म्हणजे अहिंसक प्रतिकाराची परंपरा एकाच महापुरुषाच्या नावे नोंदवण्याची सवय सुटण्यास मदत होते.

मराठी साहित्यविचाराने अमेरिकन कृष्णवर्णीयांच्या चळवळीशी नाते जोडले ते मुख्यतः दलित साहित्याच्या आणि १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ‘दलित पँथर’च्या माध्यमातून. पँथरचे नावच मुळी अमेरिकेतील ‘ब्लॅक पँथर’ या लढाऊ संघटनेवरून घेतले होते. हा संबंध जिवंत व फलदायी होता. मात्र त्यामुळे कृष्णवर्णीय चळवळीतील विद्रोहाचे शब्द आपल्याकडे जितके पोचले, तितकी तिच्या संघटनकौशल्याची घडण पोचली नाही. एका बाजूला किंग यांची पूजा आणि दुसऱ्या बाजूला पँथरांचा जयघोष, या दोहोंमध्ये नागपुरात तीन वर्षे राहून गेलेला एक शिक्षक नजरेआड झाला.

उत्तरकाळ आणि वारसा

१९७४ मध्ये लॉसन लॉस एंजेलिसच्या होलमन मेथडिस्ट चर्चमध्ये रुजू झाले व १९९९ पर्यंत तेथे कार्यरत राहिले. या काळात त्यांनी हॉटेल कामगार, सफाई कामगार व स्थलांतरित मजूर यांच्या संघटनांना अहिंसक लढ्याचे प्रशिक्षण दिले. अमेरिकन अर्थव्यवस्थेचे वर्णन ते ‘मळेदारी भांडवलशाही’ अशा अर्थाच्या शब्दांत करीत. गुलामांच्या श्रमावर चालणाऱ्या मळ्यांची मानसिकता आधुनिक उद्योगांतही टिकून आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. यावरून त्यांच्या हिंसेच्या व्याख्येची व्याप्ती लक्षात येते. अपुरे वेतन, वंशभेद व स्त्रीचे दुय्यमत्व ही त्यांच्या मते हिंसेचीच रूपे होत. किंग यांच्या हत्येप्रकरणी शिक्षा भोगणाऱ्या जेम्स अर्ल रे याची तुरुंगात भेट घेऊन त्याचा विवाह लावून देण्यापर्यंत त्यांनी आपल्या तत्त्वाचे पालन केले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस केंद्रात त्यांनी दीर्घकाळ अहिंसेचा अभ्यासक्रम शिकवला. त्या विद्यापीठाच्या कामगार केंद्राच्या वास्तूला २०२१ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. ‘रिव्होल्यूशनरी नॉनव्हायोलन्स’ हा त्यांच्या विचारांचा ग्रंथ २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांनी वयाची नव्वदी ओलांडली होती.

निष्कर्ष

१) लॉसन यांची अहिंसानिष्ठा भारतात येण्यापूर्वीच सिद्ध झालेली होती. नागपूरच्या वास्तव्यात त्यांनी तिच्या सामूहिक उपयोजनाचा अभ्यास केला.
२) समस्येची निवड, वस्तुस्थितीची पडताळणी, सराव, कृती आणि आत्मपरीक्षण या टप्प्यांतून त्यांनी अहिंसेला अभ्यासक्रमाचे रूप दिले.
३) नॅशव्हिलचे यश नैतिक आवाहन व आर्थिक दबाव यांच्या संयोगातून साधले गेले.
४) अल्पावधीत मोठ्या जनसमूहास शिस्त लावणे आणि धार्मिक परिभाषेपलीकडे जाणे, या दोन बाबतींत ही पद्धत अपुरी पडली.
५) वंचितांनी स्वतः उभारलेला मानवी हक्कांचा लढा म्हणून नॅशव्हिलचे महाडशी असलेले साम्य अधिक अभ्यासास पात्र आहे.

समारोप

आपल्या महाविद्यालयांत २ ऑक्टोबर व ३० जानेवारी या दिवशी अहिंसेवर व्याख्याने होतात, निबंध व वक्तृत्व स्पर्धा घेतल्या जातात. विद्यार्थी अहिंसेची थोरवी सांगण्यास शिकतात, परंतु वसतिगृहात, बसथांब्यावर वा गावच्या पाणवठ्यावर अपमान समोर उभा ठाकला असता नेमके काय करावे, हे त्यांना कोणी शिकवत नाही. परिणामी त्यांच्यापुढे मुकाट्याने सोसणे किंवा हात उगारणे हे दोनच पर्याय उरतात. लॉसन यांनी तिसरा पर्याय वर्गखोलीत, खुर्च्या मांडून, पुन्हा पुन्हा सराव घेऊन शिकवला. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत श्रमदानाबरोबर अशा एखाद्या कार्यशाळेस स्थान देणे अशक्य नाही. ज्या प्रदेशातील एका महाविद्यालयाच्या मैदानावर हा शिक्षक तीन वर्षे विद्यार्थ्यांकडून खेळाचा सराव करून घेत होता, त्या प्रदेशातील अध्यापकांनी त्याच्या कार्यपद्धतीचा अभ्यास हाती घेणे औचित्याचे ठरेल.